खोली : वर दीड मीटर

१

रस्ता खोदायला परवानगी देणं हे माझं काम. स्वतः मी कधी कुदळ हातात धरली नाही, पण गेल्या अकरा वर्षांत माझ्या सहीनं फोडला गेला नाही असा रस्ता या शहरात शोधून सापडायचा नाही. टेलिफोनवाले, वीजवाले, पाणीवाले, गटारवाले, सगळे माझ्या खिडकीशी येतात. अर्ज ठरलेला. लांबी, रुंदी, खोली, कारण, काम कधी सुरू, कधी बंद. सोबत जागेचा नकाशा आणि खोदण्याआधीच्या रस्त्याचा एक फोटो. मागाहून "तो खड्डा आमचा नव्हेच" असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. मी वाचते, शिक्का मारते, सही करते, पुढचा घेते. दिवसाला चाळीस. सही करताना माझ्या डोक्यात संध्याकाळची भाजी शिजत असते.

तो अर्जही चाळिसातलाच एक. कारण : जुन्या जलवाहिनीची तपासणी. कागद जरा ओलसर होता, पण त्यात नवल नव्हतं. आमची अर्जपेटी जिन्याखाली आहे आणि तिथल्या भिंतीला बारमाही ओल. खोलीच्या रकान्यात लिहिलं होतं : वर १.५ मीटर.

वर. मी लाल पेनानं तो शब्द खोडला. माणसं काय काय लिहितात. एकानं रुंदीच्या रकान्यात "बेताची" असं लिहून दिलं होतं. मग फोटो पाहिला. त्यात रस्ता नव्हताच. आभाळ होतं, दोन तारा होत्या आणि कडेला एका छपराची पन्हळ. फोन हातातून पडताना बटण दाबलं गेलं असणार, असं मी ठरवून टाकलं.

नियमानं अर्ज परत करायला हवा होता. पण पाच वाजत आले होते आणि ताईनं येताना मशीनच्या सुया आणायला सांगितल्या होत्या. मी सही केली.

२

घरी आम्ही तिघं. बाबा, ताई आणि मी. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे फाटक आणि फाटकाला लागूनच रस्ता. ताई पुढच्या खोलीत शिलाईचं काम करते. त्याच खोलीत खिडकीखाली बाबांचा पलंग.

बाबांनी तीस वर्षं पाणी खात्यात गळती शोधली. हातभर लांब लोखंडी दांडी, एक टोक रस्त्याला, दुसरं कानाला. डोळे मिटून उभे राहायचे आणि "इथे" म्हणून टाच आपटायचे. तिथे खोदलं की पाणी निघायचंच. आता त्याच कानांनी दगा दिलाय. डाव्या कानाशी ओरडलं तर चार शब्दांतले दोन पोचतात. ताई म्हणते, "शिव्या असल्या तर चारही पोचतात."

त्या आठवड्यात जेवता जेवता बाबांनी विचारलं, "शेजारी कुणाकडे काम काढलंय का गं?"

"कसलं काम?"

"ठोकतायत."

आम्ही दोघींनी घास हातात धरून कान दिला. काहीच नव्हतं. ताई त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "बाबा, ते कानातच वाजतं! या वयात वाजतं, डॉक्टर म्हणाले होते!"

"कानात नाही," बाबांनी पलंगाच्या पायावर तळवा ठेवला. "इथून येतंय."

ताईनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मला मात्र, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी बाबांना काहीतरी ऐकू येत होतं. मनाचं का होईना.

३

सहा आठवड्यांनी आमचे मुकादम खिडकीशी आले. रस्त्यावर फिरून खड्ड्यांवर नजर ठेवणारा हा माणूस. मोठा बोलघेवडा, पण त्या दिवशी टोपी हातात घेऊन नुसताच उभा.

"मॅडम, एक विचारू? खड्डा खणला तर माती कुठे जाते?"

"मुकादम, सकाळी सकाळी कोडी नका घालू."

"कोडं नाही. खड्डे आहेत. राडारोडा नाही. टोपलीभरसुद्धा नाही. चला, दाखवतो."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. गल्लीच्या मधोमध मुकादमांनी टाकलेला पत्रा होता. तो त्यांनी सरकवला. दीड मीटरचा चौकोनी खड्डा, कोपरे असे की सुतारानं गुण्या लावून काढलेत. आमच्या कुठल्याच ठेकेदाराला इतका सरळ खड्डा जमलेला नाही. तळाशी बिडाची जुनी वाहिनी, आणि तिच्या पाठीवर ताटाएवढं एक भोक. कोरडं. आतून गार हवा येत होती.

मी गुडघ्यांवर बसून खड्ड्याच्या भिंती पाहिल्या. मातीत ओरखडे होते. कुदळीचा घाव वरून खाली येतो, तळाशी थांबतो. हे ओरखडे तळापासून निघून वर येत होते आणि डांबराशी आल्यावर बारीक, नीटनेटके होत होते. जणू शेवटी जपून काम केलं होतं.

"कामगार कुणी पाहिले?"

"कुणीच नाही. मी गल्लीत विचारलं. म्हणाले, खोदलेला रस्ता आमच्याकडे कोण बघतं? खोदलेला नसता तर बघितला असता."

एरवी मी हसले असते. पण उठताना माझी नजर वर गेली. दोन तारा होत्या आणि कडेला एका छपराची पन्हळ.

४

ऑफिसात येऊन मी सहा आठवड्यांच्या फायली उपसल्या. असे सहा अर्ज होते. सहाही ओलसर, आता वाळून सुरकुतलेले. सहाही ठिकाणी माझ्याच लाल पेनानं "वर" खोडलेलं. म्हणजे प्रत्येक वेळी मला ती चूक दिसली होती, आणि प्रत्येक वेळी मी ती अर्जदाराची चूक समजले होते. अर्जदाराचं नाव म्हणून एक ओढलेली रेघ. पत्ता : वाहिनीत. हेही मी वाचलं असणार. वाहिनीतर्फे, वाहिनी विभागात, असलं काहीतरी मनात धरून पुढे गेले असणार.

पाणी खात्यातल्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "ती लाइन? ती आम्ही बंद करून जमाना झाला. तिच्यात पाणी नाही, तपासायचं काय? आमचा अर्ज नाही तो."

मग मी शहाण्या माणसानं करावा तो सगळा विचार केला. कुणीतरी खोडी काढतंय. कुणीतरी जुनं बीड चोरतंय, माती रातोरात ट्रकनं नेतंय. सहीवरून मला अडकवायचा कुणाचा तरी डाव आहे. प्रत्येक कारण दोन पावलं चालायचं आणि बसकण मारायचं. बीड चोरणारा परवानगी कशाला मागेल?

भिंतीवरच्या वॉर्डाच्या नकाशावर मी सहा टाचण्या टोचल्या. त्या एका रेषेत होत्या, सारख्या अंतरावर. पहिली टाचणी पाण्याच्या जुन्या टाकीजवळ. सहावी आमच्या फाटकासमोर. तो खड्डा पाहून ताईनं चारच दिवसांपूर्वी "तुमच्याच खात्याचे प्रताप" म्हणून माझा उद्धार केला होता.

सातवी टाचणी हातात धरून मी अंतर मोजलं. ती रस्त्यावर येत नव्हती.

५

त्या संध्याकाळी बाबांनी आपणहून माळ्यावरची दांडी मागितली. ताई कुरकुरली, पण काढून दिली. पलंगावर बसूनच त्यांनी एक टोक फरशीला टेकवलं, दुसरं कानाला लावलं. डोळे मिटले. कित्येक वर्षांनी त्यांचा चेहरा कामावरच्यासारखा झाला.

"गळती नाही," म्हणाले. "पाण्याचा आवाज पसरट असतो. हा तसा नाही. हे थांबून थांबून आहे. खरवडतं, मग थांबतं. थांबतं तेव्हा..."

"तेव्हा काय?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"तेव्हा तेही ऐकतं."

ताईची मशीन थांबली.

"तीस वर्षं मी वरून कान लावला," बाबा सावकाश म्हणाले. "खालून कुणी लावला असेल तर त्याला माझी टाच चांगली ओळखीची असणार."

मी दांडी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या कानाला लावली. आधी माझंच रक्त वाजत होतं. मग, खूप खाली नव्हे, अगदी जवळ, ओल्या मातीवरून काहीतरी ओढल्यासारखा आवाज आला. आणि थांबला. मी श्वास रोखला. पलीकडेही कुणीतरी श्वास रोखलाय, असं मला वाटलं. वाटलं म्हणते, कारण याहून जास्त मी शपथेवर सांगणार नाही.

"बाबा, उद्यापासून तुम्ही आतल्या खोलीत झोपायचं!"

"कशाला? तपासणीच आहे ना? करू दे की." ते हसले. "मला ऐकू येणारं तेवढंच एक उरलंय. असू दे."

मी खूप ओरडले. ताईही ओरडली. चारातला एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही, किंवा त्यांनी पोचू दिला नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी अर्जपेटीपाशी तीनदा जाऊन आले. सातवा अर्ज नव्हता. दुपारी चारच्या सुमाराला वीजवाल्यांचा एक जुना अर्ज उलटला आणि त्याच्या पाठीला एक ओला कागद चिकटलेला दिसला. सोलून काढावा लागला.

जागा : घर, पुढची खोली, खिडकीखाली. खोली : वर १.५ मीटर. कारण : तपासणी. यावेळी नुसतंच तपासणी, वाहिनीचा उल्लेख नव्हता.

फोटोत आडव्याउभ्या पट्ट्या होत्या. काही क्षण मला कळलं नाही. मग कळलं की त्या नवारीच्या पट्ट्या आहेत, खालून दिसणाऱ्या, वर निजलेल्या माणसाच्या भारानं खाली झुकलेल्या. कडेनं एक हात लोंबत होता. त्याच्या अंगठ्याला नख नव्हतं. बाबांचं ते नख व्हॉल्व्हखाली सापडून गेलं ते परत आलंच नाही.

मी ताईला फोन केला. "पलंगाखालची फरशी बघ. तुटलीय का?"

"आता हे काय नवीन?" मशीन थांबली, खुर्ची सरकली. "नाही गं, शाबूत आहे. फक्त गार पडलीय. आणि घाम आल्यासारखी ओली आहे."

"बाबांना आत ने."

"सकाळपासून तेच करतेय. पलंगाचा कठडा धरून बसलेत. मुलासारखं उचलू का आता त्यांना?"

मी कागदावरचा आवक शिक्का पाहिला आणि बोटांवर दिवस मोजले. आमच्याकडे नियम आहे : सात दिवसांत उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरून काम सुरू करता येतं. ठेकेदारांच्या ओरड्यामुळे आणलेला नियम. शिक्का सात दिवसांपूर्वीचा होता. ऑफिस साडेपाचला बंद होतं. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि त्या एकाच गोष्टीनं मला उभं केलं. मी सहाही तारखा पुन्हा पाहिल्या. प्रत्येक खड्डा माझ्या सहीनंतरच्या दिवशी पडला होता. आधी एकदाही नाही. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांत नियम पाळणारा हा एकटाच होता.

७

नकाराला साहेबांची सही लागते. साहेब बैठकीला निघाले होते, चष्मा डोळ्यांवरून खिशात गेला होता.

"उद्या बघू."

"आजच हवंय, साहेब. आज सातवा दिवस."

त्यांनी चष्मा परत काढला. कागद वाचला. फोटो मी जोडला नव्हता. "घराच्या आत? हा काय प्रकार? कारण काय दिलंय... खासगी जागा, आपल्या अधिकारात नाही. बरोबर." मग पेन उचललं आणि तसंच थांबवलं. "'परवानगी नाकारण्यात येत आहे' हे नको."

"का?"

"'येत आहे' म्हटलं की वाटाघाटीला जागा राहते. 'नाकारली आहे' लिहा. झालं, संपलं."

मी तिथेच उभ्यानं पुन्हा लिहिलं. 'परवानगी नाकारली आहे. या वाहिनीवरून कोणत्याही घरासाठी पुन्हा अर्ज करू नये. आधीची कामे तात्काळ बंद करून जागा पूर्ववत करावी.' साहेबांनी सही ठोकली. त्या माणसाच्या व्याकरणाला मी वर्षानुवर्षं हसत आले होते. त्या दिवशी पाया पडावंसं वाटलं.

आता तो कागद पोचवायचा होता. नकार अर्जदाराच्या हाती पडला नाही तर तो दिलाच नाही असं धरतात. पत्ता होता : वाहिनीत.

मुकादम खाली स्कूटर चालू करून उभे होते. मी त्यांना काहीच समजावलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "घट्ट धरा."

८

पाच वाजून वीस मिनिटांनी आम्ही आमच्या फाटकासमोर होतो. लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं. मुकादमांनी पत्रा सरकवला आणि दोन पावलं मागे झाले. "मी इथेच आहे," म्हणाले. आवाज मात्र बराच लांबून आल्यासारखा वाटला.

मी खड्ड्यात उतरले. वाहिनीवरच्या भोकापाशी उकिडवी बसले. मग तोंडातून आपोआप तेच निघालं जे रोज खिडकीतून निघतं.

"अर्जदार कोण आहे? आपला अर्ज नाकारला आहे. एक प्रत घ्या, दुसरीवर पोच द्या."

दोन्ही कागद मी भोकातल्या अंधारात धरले. हात कोपरापर्यंत गार पडला. काही झालं नाही. मला वाटलं, आपण वेडे झालो आहोत, आणि त्या विचारानं चक्क हायसं वाटलं.

तेवढ्यात कागद ताणला गेला.

ओढला नाही. घेतला. पलीकडचा माणूस खिडकीतून घेतो तसा, दोन बाजूंनी अलगद धरून. आणि माझे डोळे अंधाराला सरावले होते, त्यामुळे धरणारं थोडंसं दिसलं. फिकट, पाण्यात फार दिवस राहिल्यासारखं सुरकुतलेलं. ती बोटं होती असंच मी म्हणेन. मी ती मोजायला लागले आणि सातावर थांबले, कारण ती अजून संपली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. एक कागद परत माझ्या हातात आला, ओला. मी तो पाहायला थांबले नाही. मुकादमांनी मला दंडाला धरून वर ओढलं.

उन्हात आल्यावर वाचलं. खाली कोपऱ्यात, छापील अक्षरं बघून बघून गिरवल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : मिळाले. ५.२४.

माझ्या घड्याळात पाच वाजून पंचवीस झाले होते.

मग आवाज आला. तो आम्हा दोघांनाही ऐकू आला, याचे मुकादम साक्षीदार आहेत. पोतं रिकामं केल्यासारखा. खड्ड्याच्या तळातून माती वर चढत होती, सावकाश, तापल्या दुधासारखी, आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी आम्ही बाकीचे पाचही पाहिले. सगळे भरलेले, चोपलेले. गाडी गेली तरी दबत नव्हते.

"मॅडम," मुकादम टोपी घालत म्हणाले, "काही म्हणा, काम पक्कं आहे."

आम्ही दोघं रस्त्यातच हसत सुटलो. एकमेकांना धरून हसलो.

९

घरात शिरले तर ताई पलंगाशी उभी. "फरशी कोरडी झाली," एवढंच म्हणाली. "एकदम. बघता बघता."

बाबा दांडी कानाला लावून बसले होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"गेलं," म्हणाले. "टाकीच्या बाजूला. लांब गेलं. आता काहीच नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. मनात अपराधी वाटत होतं. एवढं एक ऐकू येत होतं, तेही मी घालवलं. डाव्या कानाशी वाकून विचारलं, "वाईट वाटलं, बाबा?"

ते माझ्याकडे बघतच राहिले.

"वेडी की काय तू? भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता गं."

"मग आत का नाही आलात? करू दे, करू दे काय म्हणत होतात?"

"मी आत आलो असतो तर ते आत आलं असतं. तुम्ही दोघी आत झोपता." त्यांनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हटलं, माझ्याच ओळखीनं आलंय, तर माझ्यापाशीच थांबेल. तेवढ्यावर भागेल त्याचं."

ताईनं तोंड फिरवलं आणि उगाच खिडकीचा पडदा नीट करायला लागली. मी बाबांचा हात धरला. तो उबदार होता.

दिवेलागणीलाच बाबा आडवे झाले. जेवायचीही वाट पाहिली नाही. पाच मिनिटांत घोरायला लागले. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहून ऐकत होतो, तेव्हा ताई हळूच म्हणाली, "अगं, सहा आठवडे ते घोरलेच नव्हते. आपल्या ध्यानातसुद्धा आलं नाही."

सहा आठवडे ते डोळ्याला डोळा न लावता पहाऱ्यावर पडून होते.

ताईनं ताट झाकून ठेवलं. मी खोलीतला दिवा मालवला. दोघीही आत गेलो नाही. तिथेच, उंबऱ्यावर खांद्याला खांदा लावून बसलो आणि ते घोरणं ऐकत राहिलो.